मुंबईच्या स्वस्त तिकिटाचा हिशोब

माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर 1845 सालापर्यंत रस्ता नव्हता. पलीकडे जायचं तर नावेत बसायचं. पावसाळ्यात ती नाव पोचली तर पोचली. 1841 साली वादळात अशा नावा उलटल्या, माणसं गेली, आणि खाडीवर बांध घालण्याची जुनीच मागणी पुन्हा वर आली. कंपनी सरकारची तिजोरी काही उघडेना. शेवटी सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले. देताना एक अट घातली: या रस्त्यावर सरकारनं कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

अट उगाच नव्हती. सायनचा बांध त्याआधी चाळीस वर्षं, म्हणजे 1805 साली तयार झाला होता आणि त्यावरून जाणाऱ्यांना बरीच वर्षं टोल मोजावा लागला होता. रस्ता झाला म्हणजे तो सगळ्यांचा झाला असं नाही, हे अवाबाईंना चांगलं ठाऊक असणार. त्यांच्या पैशांतून झालेल्या माहीमच्या बांधावरून मात्र भाजीची पाटी घेतलेली बाई आणि बग्गीतला साहेब दोघंही फुकट जाऊ लागले.

मुंबईत स्वतःची गाडी नसताना, खिशाला फार झळ न बसता कुठेही जाता येतं, ही या शहराची ख्याती जुनी आहे. बाहेरगावचा पाहुणा गेटवे, राणीचा बाग, हाजी अली, जुहू असं सगळं एका दिवसात पन्नास-शंभर रुपयांत उरकतो आणि घरी जाऊन कौतुक करतो. कौतुक खरंच आहे. पण या स्वस्ताईचा इतिहास उलगडायला लागलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. मुंबईच्या तिकिटावर प्रवासाची पूर्ण किंमत सहसा छापलेली नसते. उरलेले पैसे दर वेळी दुसरं कुणीतरी भरत आलं आहे. अवाबाईंनी ते आपणहून आणि उघडपणे भरले. पुढे ज्यांनी भरले त्यातल्या अनेकांना आपण भरतोय हे माहीतही नव्हतं.

आगगाडीपासूनच बघू. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे 14 डब्यांची गाडी निघाली. सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे, तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी, हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं. ती गाडी कुणाच्या पैशांवर धावली, हे येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनची खासगी कंपनी होती आणि तिच्या भागधारकांना वर्षाला पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. रेल्वेला तेवढी कमाई झाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची, असा करार. मुंबईच्या नाना शंकरशेटांनी आणि जमशेटजींनी या रेल्वेसाठी खटपट केली, नानांनी तर कंपनीला जागाही दिली. पण जोखीम पडली ती ज्यानं आगगाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती अशा शेतसारा भरणाऱ्या कुळावर.

बोरीबंदर ते ठाणे तिसऱ्या वर्गाचं भाडं 5 आणे 3 पै होतं, तर पहिल्या वर्गाचं 2 रुपये 10 आणे. म्हणजे आठ पटींचा फरक. कंपनीच्या साहेबांना वाटलं होतं की उत्पन्न मालातून आणि वरच्या वर्गातून येईल, नेटिव्ह लोक काय प्रवास करणार? झालं भलतंच. जात-पात, सोवळं-ओवळं सगळं बाकावर एकमेकांना खेटून बसलं आणि तिसरा वर्ग कायमचा भरला. 1867 च्या एप्रिलमध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं विरारहून बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुरू केली. सकाळी जाणारी एक, संध्याकाळी परतणारी एक. आज विरार फास्टच्या दारात लटकणाऱ्याला ही एकच गाडी सांगितली तर तो हसेल, पण उपनगरात राहायचं आणि फोर्टात कामाला जायचं ही मुंबईची सवय तिथून लागली.

शहरातल्या शहरात मात्र सामान्य माणसाला पायांचाच आधार होता. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 साली ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलं, तेव्हा रस्त्यावर भाड्याच्या गाड्या होत्या, नाही असं नाही. बैल जुंपलेला रेकला होता, घोड्याचा शिग्राम होता, म्हातारीकोतारी अजून पालखीतही जात. पण गिरणीत किंवा गोदीत जाणाऱ्याला यातलं काहीच रोज परवडणारं नव्हतं. म्हणून तर परळ, लालबाग, गिरगाव इथल्या चाळी कामाच्या ठिकाणाला चिकटून उभ्या राहिल्या. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर घर, ही त्या काळातली गरज होती, हौस नव्हे.

घोड्यांच्या ट्रामची कल्पना 1865 साली एका अमेरिकन कंपनीनं मांडली. परवानाही मिळाला. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरच्या धुंदीत गुंतलेली मुंबई रातोरात भिकेला लागली आणि ट्राम कागदावरच राहिली. ती प्रत्यक्ष आली 9 मे 1874 रोजी. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, दुसरा पायधुणी ते बोरीबंदर, काळबादेवीवरून. स्टर्न्स अँड किटरेज या कंपनीच्या पागेत त्यासाठी शेकडो घोडे होते.

भाडं तीन आणे ठेवलं होतं. गंमत म्हणजे तिकीटच नव्हतं. कंडक्टरच्या हातात पैसे ठेवायचे आणि बसायचं. लोकांनी ट्राम उचलून धरली, भाडं दोन आण्यांवर आलं, आणि त्याबरोबर फुकटेही आले. मी पैसे दिले, तू विसरलास, असा वाद घालायला पुरावाच नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार! त्याच वर्षी कंपनीला तिकिटं छापावी लागली. मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीतलं पहिलं तिकीट म्हणजे फुकट प्रवास करणाऱ्यांची देणगी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

घोड्याला वीज पाजता येत नाही आणि दाणा-पाणी रोज लागतं. उतारावर, पावसात, मुंबईच्या मे महिन्यात ही जनावरं ओढत होती त्याचा खर्च आणि त्यांचे हाल, दोन्ही कंपनीला जड जात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेची ट्राम आणायचं ठरलं. 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, तिनं जुनी ट्राम कंपनी 98 लाख 50 हजार रुपयांना विकत घेतली आणि 7 मे 1907 रोजी विजेची पहिली ट्राम धावली. याच कंपनीचं लघुरूप ‘बेस्ट’. या नावाच्या रचनेतच पुढच्या शंभर वर्षांची सगळी गोष्ट आहे. जी कंपनी ट्राम चालवणार, तीच शहराला वीज विकणार. दिवे आणि गाड्या एकाच वहीत मांडल्या जाणार.

ट्राम ही मुंबईच्या गरिबाची गाडी झाली ती या विजेच्या काळात. ड्रायव्हर पुढे उभा, पायाखालची घंटा ठणठण वाजवत. वेग असा की चपळ माणूस चालत्या ट्राममध्ये चढे आणि चालत्या ट्राममधून उतरे, मुलांना तर तोच खेळ. शेवटच्या टोकाला, दादरला, गाडी वळवायची, दांडा फिरवायचा. दादरच्या खोदादाद सर्कलला बसचे कंडक्टर अजून ‘टीटी’ म्हणून हाक मारतात. ते ट्राम टर्मिनस. ट्राम बंद होऊन साठ वर्षं उलटली तरी थांब्याचं नाव हललेलं नाही.

1920 च्या सप्टेंबरात ट्रामला वरचा मजला मिळाला. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली, तेव्हा एक वेगळाच वर्गभेद रस्त्यावर दिसू लागला. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे. तेच अंतर बसनं जायचं तर चार आणे. बस म्हणजे बऱ्यापैकी कमावत्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या लोकांचं वाहन. कारकून पगाराच्या दिवशी बसनं जाई आणि महिनाअखेरीला ट्रामनं, असं त्या पिढीतले म्हातारे सांगत. आज ‘बेस्टची बस’ म्हटल्यावर जो साधेपणा डोळ्यांसमोर येतो तो तिला नंतर आला.

लोकलही याच सुमारास बदलली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची गाडी निघाली, गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. पश्चिम मार्गावर 1928 च्या जानेवारीत कुलाबा ते बोरीवली विजेच्या गाड्या आल्या. हो, कुलाब्याला तेव्हा स्टेशन होतं. 1930 च्या अखेरीस ते बंद झालं आणि चर्चगेट हेच टोक उरलं. विजेमुळे गाड्या लवकर वेग घेऊ लागल्या, लवकर थांबू लागल्या, एकामागोमाग एक सोडता येऊ लागल्या. स्वस्त तिकीट पुरेसं नसतं. गाडी वारंवार यावी लागते. ती आली आणि दादर-माटुंगा, पुढे पार्ले-अंधेरी मध्यमवर्गाची वसाहत बनली.

7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याला एक आठवडा असताना, महापालिकेनं बेस्ट कंपनी विकत घेतली. वीज आणि वाहतूक दोन्ही शहराच्या मालकीची झाली. आणि इथून त्या एकाच वहीतल्या हिशोबाला खरा अर्थ आला.

विजेचा धंदा फायद्यात असे. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंतचं जुनं शहर, म्हणजे फोर्टातली कार्यालयं, काळबादेवीची दुकानं, मलबार हिलचे बंगले, हॉटेलं, सिनेमागृहं, सगळी बेस्टची गिऱ्हाइकं. बस मात्र तोट्यात जाई, कारण भाडं वाढवायचं म्हणजे महापालिकेच्या सभेत गदारोळ. मग विजेचा फायदा बसच्या खड्ड्यात. ताजमहाल हॉटेलच्या झुंबराखाली जेवणारा पाहुणा नकळत सातरस्त्याच्या बसमध्ये उभ्या असलेल्या कामगाराच्या तिकिटाला हातभार लावत होता. समाजवादाची भाषणं बरीच झाली या शहरात, पण एवढ्या शांतपणे चाललेला समाजवाद दुसरा नसेल.

त्यात एक पेच मात्र होता. 1950 आणि 1957 साली शहराची हद्द वाढली, दहिसर आणि मुलुंडपर्यंत मुंबई झाली. बेस्टची बसही तिथवर गेली. बेस्टची वीज गेली नाही. उपनगरांना वीज देणारी कंपनी वेगळी होती, 1929 पासूनची. म्हणजे बस बोरीवलीत फिरायची आणि तिचा तोटा गिरगावातल्या विजेच्या बिलात भरला जायचा. जोवर हा व्यवहार एकाच वहीत दडलेला होता, तोवर कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. 2003 च्या वीज कायद्यानंतर दोन धंद्यांचे हिशोब वेगळे मांडणं भाग पडलं आणि वाहतुकीची तूट वीजबिलात वेगळा आकार म्हणून छापून आली. मग काय, गिऱ्हाईक चवताळलं. आम्ही कुलाब्यात राहतो म्हणून दहिसरच्या बसचे पैसे आम्ही का द्यायचे, हा प्रश्न वीज नियामक आयोगापुढे गेला, न्यायालयात गेला, आणि अखेर ती वसुली बंद पडली. प्रश्न चुकीचा नव्हता. पण ती वसुली गेली आणि तिच्या जागी दुसरी सोय कुणी उभी केली नाही, हेही तेवढंच खरं.

मधल्या काळात ट्राम गेली होती. रस्त्यात मोटारी वाढल्या, ट्राम त्यांना अडते असं ठरलं, आणि 1953 पासून एकेक मार्ग बंद होत गेला. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा दोन्ही बाजूंना लोक उभे होते. मोटारीला वाट मिळावी म्हणून काढलेल्या रुळांच्या जागी आज मोटारीच अडकून उभ्या असतात. तेव्हाच्या नियोजनाला दूरदृष्टी म्हणावी असं त्यात काही दिसत नाही. रूळ अनेक ठिकाणी उखडलेही नव्हते, नुसते डांबराखाली गाडले. 2017 साली फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत ते बाहेर आले तेव्हा लोक मोबाइल घेऊन बघायला जमले.

साठ ते नव्वदपर्यंतची बस ज्यांनी वापरली त्यांना कंडक्टरच्या डाव्या हातातली ती पत्र्याची पेटी आठवेल. पेटीत एकेका किमतीच्या तिकिटांची एकेक गड्डी, प्रत्येकीचा रंग वेगळा, कागद पातळ, रक्षाबंधनाच्या राखीच्या कागदासारखा. उजव्या हातात पंच. प्रवासी दिसला की कंडक्टर पंचानं पेटीवर टकटक करी, त्या आवाजावर झोपलेला माणूसही खिशात हात घाले. मग अंगठ्यानं तिकीट ओढायचं, ज्या टप्प्यावर चढलात तिथे भोक पाडायचं, सुटे नसतील तर तिकिटामागे बाकी लिहून द्यायची. डोक्यावरून गेलेल्या दोरीला एक झटका म्हणजे थांब, दोन झटके म्हणजे चल. पुढे ‘पुढे सरका, पुढे गाडी रिकामी आहे’ हे वाक्य, जे कधीही खरं नसे. हल्ली हातात यंत्र आहे, चिठ्ठी बाहेर येते. पेटीच्या टकटकीनं सगळी बस जागी व्हायची ती सोय गेली.

लोकलच्या स्वस्ताईचा हिशोब वेगळ्या वहीत आहे. तिथे उरलेले पैसे भरते मालगाडी. कोळसा, सिमेंट, लोखंड वाहून रेल्वे जे कमावते त्यातून देशभरच्या प्रवासी गाड्यांचा तोटा भरला जातो आणि मुंबईची उपनगरी सेवा त्यातलीच एक. दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट पाच रुपये, दहा किलोमीटरपर्यंत. त्याहून मोठा चमत्कार म्हणजे पास. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला महिन्याला पन्नासेक फेऱ्या पडतात. त्यातल्या पंधरांचेच पैसे तो देतो.

या पंधराला हात लावायची एकदा हिंमत झाली होती. 2014 च्या जूनमध्ये नव्या सरकारनं रेल्वेभाडं वाढवलं, तेव्हा पासाचा हिशोब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर नेण्याचं जाहीर झालं. म्हणजे पास एकदम दुप्पट. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती. मुंबईचे खासदार दिल्लीला धावले, आणि चार-पाच दिवसांत निर्णय मागे. ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाला वाढच नाही, पास पंधरा फेऱ्यांचाच. मुंबईकराच्या खिशातला तो प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद किती वजनदार आहे, हे त्या आठवड्यात पक्षांना कळलं.

पण लोकलचा प्रवासी उरलेले पैसे अजिबात भरत नाही असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. तो अंगानं भरतो. सकाळी साडेआठला दादरला उतरणं हे कसब आहे, चढणं हे धाडस. बसायला मिळावं म्हणून उलट दिशेनं टोकापर्यंत जाऊन त्याच गाडीनं परत येणारे आहेत, तिघांच्या बाकावर अर्धा टेकलेला ‘चौथी सीट’वाला आहे. हे सगळं कौतुकानं सांगितलं जातं, मुंबई स्पिरिट वगैरे म्हणतात. मुंबईच्या लोहमार्गावर गेली अनेक वर्षं दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरत आली आहेत. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ एकमेकांशेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि त्यातली काही दगावली. भाडंही न वाढवणं आणि गाड्याही न वाढवणं, या तडजोडीची किंमत अशी वसूल होते.

पाहुण्याला याची झळ क्वचितच बसते, कारण तो गर्दीच्या उलट जातो. दुपारी अकरानंतर चर्चगेटहून निघालं तर खिडकीही मिळते. रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट आहे, ते काढून दिवसभर कुठेही चढ-उतर करता येते. अनेक मुंबईकरांना त्याची खबरही नसते. दक्षिणेत फिरायला टॅक्सी, उत्तरेत रिक्षा, कारण माहीम आणि सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा येऊच शकत नाही. त्या सीमेवर नवख्या माणसाला उतरवून रिक्षावाला परत फिरतो तेव्हा त्या पाहुण्याला वाटतं आपल्याला फसवलं. फसवलेलं नसतं, नियम तसा आहे. सीएसएमटी आणि चर्चगेटहून नरिमन पॉइंटकडे शेअर टॅक्सी मिळते, माणशी ठरलेलं भाडं, मीटर पाडायचा प्रश्न नाही. घोड्याच्या व्हिक्टोरिया मात्र 2015 साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या. त्या शेवटी शेवटी फक्त पर्यटकांसाठीच उरल्या होत्या आणि घोड्यांची अवस्था बघवत नव्हती. न्यायालयानं केलं ते बरंच झालं.

2023 हे वर्ष आठवणी जपणाऱ्यांना जड गेलं. लाल दुमजली डिझेल बस सप्टेंबरात गेली. तिच्या पाठोपाठ उघड्या टपाची ‘नीलांबरी’ ऑक्टोबरात बंद झाली; बेस्ट आणि पर्यटन महामंडळाची ही बस 1997 पासून पाहुण्यांना दक्षिण मुंबई दाखवत होती. त्याच महिन्यात शेवटची नोंदणी झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी पानं भरली. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली: त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली बस आली होती. सीएसएमटी ते एनसीपीए जाणारी 115 क्रमांकाची ही बस पकडून वरच्या मजल्यावर पुढच्या काचेजवळ बसलं तर नीलांबरीच्या तिकिटाहून कितीतरी कमी पैशांत तोच रस्ता दिसतो. 123 क्रमांकाची बस मरीन ड्राइव्हच्या कडेनं जाते.

बेस्टची स्वतःची स्थिती मात्र नाजूक आहे. विजेचा आधार सुटल्यावर तोटा वाढत गेला. जानेवारी 2019 मध्ये नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी महापालिकेनं महिन्याला 100 कोटींची मदत देऊ केली, पण अटींवर: किमान भाडं आठ रुपयांवरून पाच करायचं आणि कंत्राटदारांच्या बस भाड्यानं घ्यायच्या. जुलैमध्ये भाडं उतरलं, प्रवासी झपाट्यानं वाढले. स्वतःच्या बस मात्र जुन्या होऊन भंगारात गेल्या आणि नव्या घेतल्या गेल्या नाहीत. एके काळी साडेचार हजारांहून जास्त बस असलेल्या उपक्रमाचा ताफा तीन हजारांच्या खाली आला, त्यातही स्वतःच्या मालकीच्या काही शेच. कंत्राटदार परवडत नाही म्हणून मधेच हात वर करतो, मग थांब्यावरची रांग अर्धा-अर्धा तास ताटकळते. तिकीट स्वस्त आणि बस नाही, याला स्वस्त प्रवास म्हणत नाहीत.

मग 9 मे 2025 रोजी किमान भाडं दुप्पट झालं. साध्या बसला दहा रुपये, वातानुकूलितला बारा. घोड्यांची ट्राम सुरू झाली तीही 9 मेलाच, 151 वर्षांपूर्वी. योगायोगच, पण ट्रामचं भाडं लोकांनी गर्दी केल्यावर उतरलं होतं आणि बसचं चढलं.

त्याच दिवशी आणखी एक घटना घडली. भुयारी मेट्रोचा, म्हणजे तिसऱ्या मार्गिकेचा, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा खुला करण्याचा कार्यक्रम झाला. ऑक्टोबरमध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, तिकीट 10 ते 70 रुपये. गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक, वरळी, विमानतळ, जिथे लोकल कधीच गेली नाही अशी ठिकाणं तिनं जोडली. विमानतळावरून थेट फोर्टात पन्नास-साठ रुपयांत उतरणं ही पाहुण्यासाठी मोठीच सोय आहे. टॅक्सीला याच्या दहापट जातात. पण साधारण या मेट्रोच्या पूर्ण लांबीएवढंच अंतर, चर्चगेट ते बोरीवली, लोकलच्या दुसऱ्या वर्गात वीस रुपयांच्या आत होतं. म्हणून भुयारात गार हवा आहे आणि जमिनीवर गर्दी तशीच.

या मेट्रोचा खर्च 37 हजार कोटींच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जाचा आहे. सत्तर रुपये मोजून या टोकापासून त्या टोकाला जाणारा प्रवासीही त्याची पूर्ण किंमत देत नाही. उरलेलं कर्ज सरकारी तिजोरीतून कित्येक वर्षं फेडलं जाणार आहे, आणि त्यात मुंबईला कधीच न आलेल्या गडचिरोलीच्या माणसाचाही वाटा असेल.